दिसत नाही म्हणून नाही काय?

मनुष्याच्या देहातील काही अवयवांच्या दुखण्याला समाजात मान आहे. गुडघा धरला तर ओट्यावर बसून त्याची कथा चार जणांना सांगता येते. दात ठणकला तर गालाला रुमाल बांधून बाजारातून फिरता येते. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तर काळा चष्मा हा काही दिवस अलंकारच होऊन बसतो. परंतु लघवीच्या जागेचे दुखणे ज्याच्या वाट्याला आले त्याला ना ओटा मिळतो, ना बाजार. बायको ते नवऱ्याला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावरही पहिल्या वेळेस पोटदुखीचे नाव पुढे करून खरे दुखणे मागे ठेवले जाते.

असला विषय कुटुंबाच्या साप्ताहिकात कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. ज्या दुखण्याने घरातील झोप, प्रवास, कामधंदा आणि पति-पत्नींचा परस्परांवरील विश्वास या साऱ्यांना तडा जातो, त्याची चर्चा कुटुंबाच्या साप्ताहिकात नाही तर कोठे करावयाची? धर्मगुरूच्या कानावर देहाची दुखणी मनाच्या दुखण्यांइतकीच पडत असतात. मनुष्य प्रार्थनेची विनंती करावयास येतो, तेव्हा प्रथम ‘तब्येत बरी नसते’ एवढेच बोलतो. पुढचे वाक्य यावयास कधी कधी वर्ष जाते.

पांढुर्णा आणि सौंसर या भागात माझे वारंवार जाणे-येणे असते. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि सौंसरचा तालुका त्यात आला. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची आणि बहुतेक शाळांची भाषा हिंदी; पण घरातली, संत्र्याच्या बगीच्यातली आणि दुखण्याखुपण्याची भाषा मराठी. दुखणे थोडे मोठे झाले की माणसे नागपूरची वाट धरतात. तेथवर जाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि तपासणीचे पैसे यांचा हिशेब मनाशी केल्यावाचून या भागातला शेतकरी दवाखान्याची पायरी चढत नाही. म्हणून तेथून परत येताना हाती काय लागले, या प्रश्नाला येथे फार वजन आहे.

पांढुर्ण्याचे नाव दूरवर माहीत आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याची तर दुसऱ्या काठावरून सावरगावची माणसे एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दर वर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. या प्रथेविषयी मला येथे काही सांगावयाचे नाही. मी लक्ष वेधतो ते दुसऱ्या गोष्टीकडे. त्या दिवशी डॉक्टर, रुग्णवाहिका आणि मलमपट्टीची ठाणी नदीकाठी सज्ज असतात. कपाळातून रक्त वाहू लागले की दहा हात पुढे येतात, आणि फार लागले आहे की थोडे, असा वाद कोणी घालीत बसत नाही. रक्त दिसते, म्हणून दुखणे खरे! पण ज्या दुखण्यातून रक्ताचा थेंबही बाहेर येत नाही, त्याच्यापाशी कोण धावून येतो?

या भागातल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या संमतीने सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. वय पन्नाशीच्या पुढे. घरी संत्र्याचा लहानसा बगीचा. एका उन्हाळ्यात त्यांना लघवीच्या वेळी आग होऊ लागली. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे : उन्हाळी लागली. धन्याजिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला, पळसाची फुले भिजवून झाली. पाऊस पडला, थंडी आली, तरी ही उन्हाळी जाईना. पुढे आग केवळ लघवीपुरती राहिली नाही. बसले तरी चुरचुर, रात्री निजले तरी टोचणी, आणि घटकेघटकेला उठावे लागणे. जवळच्या डॉक्टरांनी जंतुनाशक गोळ्या दिल्या. चार दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. लघवीची तपासणी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ. अखेर एका मोठ्या शहरात नेऊन दुर्बीण घालून तपासणी झाली. तीही स्वच्छ! तपासणाऱ्या डॉक्टरांनी घरच्या माणसांना बाजूला घेऊन सांगितले की, यात काही नाही, हे मनाचे आहे.

वास्तविक तपासणी निर्दोष निघाली तर माणसाला हर्ष व्हावयास पाहिजे. बाई मात्र त्या दिवशी रडल्या. त्यांनी मला सांगितले ते त्यांच्याच बोलीत देतो : “फादर, कागदात तं काहीच नाही म्हणते. मंग हे आग कायची? आता घरचे बी म्हणतीन का हे सोंग करते.” तसेच झाले. सून हसू लागली, नवरा गप्प राहू लागला. आग होती तेवढीच राहिली, आणि तिच्यावर अप्रतिष्ठेचा भार आणखी चढला. पुढे एकदा त्यांनीच मला विचारले, “असं काई यंत्र नाही का, जे हे आग दाखवन?”

हा प्रश्न मला सोडीना. एका परिचित डॉक्टरांकडून मी काही समजून घेतले, काही वाचले, आणि माझ्या ध्यानात आले की सव्वादोनशे वर्षे मोठमोठ्या बुद्धिमंतांनी आपले आयुष्य नेमक्या याच प्रश्नापायी वेचले आहे.

प्रथम देहाची रचना ध्यानात घेऊ. मूत्राशयातून लघवी ज्या नळीने बाहेर येते ती मूत्रमार्ग. स्त्रियांत ती सुमारे चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषांत सुमारे अठरा ते वीस. स्त्रियांचा मार्ग आखूड असल्यामुळे बाहेरचे जंतू मूत्राशयात लवकर पोहोचतात. म्हणून त्यांना लघवीचा संसर्ग अधिक वेळा होतो. नळीला आतून नाजूक अस्तर असते. अस्तराखाली तंतूंचा, रक्तवाहिन्यांचा व मज्जातंतूंचा थर असतो, आणि त्याखाली स्नायू. हे सारे थर मिळून जाडी काही मिलिमीटरांची. येथे आग होण्याची कारणे अनेक : जंतुसंसर्ग, खडा, मार्ग आकुंचित होणे, नळीच्या भिंतीला पिशवी येणे, आणि क्वचित कर्करोग. आपल्या देशात क्षयाचाही विचार करावा लागतो. लघवीत पूपेशी दिसतात, पण नेहमीच्या तपासणीत जंतू वाढत नाहीत, अशा वेळी क्षयासाठी निराळी तपासणी मागावी लागते. ही सारी कारणे एकामागून एक शोधून बाजूला सारल्यावरही दुखणे महिनोन्‌महिने उरत असेल, तर वैद्यकात त्याला मूत्रमार्गाच्या जुनाट वेदनेचे निराळे नाव आहे. म्हणजे हे सोंग नव्हे. पुस्तकात नोंदलेला विकार आहे.

आता या चार सेंटिमीटरांच्या अंधारात डोकवावयाचे कसे? फ्रांकफुर्टचे तरुण डॉक्टर फिलिप बोत्सिनी यांनी १८०६ साली एक उपकरण लोकांपुढे आणले. एका पेटीत मेणबत्ती, तिच्या मागे आरसा आणि पुढे निमुळती नळी. देहाच्या आत पाहण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न. व्हिएन्नाच्या वैद्यकीय पंडितांनी तो झिडकारला. बोत्सिनी १८०९ साली, वयाच्या पस्तिशीतच, टायफसच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता वारले. १८५३ साली पॅरिसच्या देसोर्मो यांनी मेणबत्तीच्या जागी मद्यार्क आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणाचा दिवा आणला. प्रकाश वाढला, पण त्याबरोबर भाजण्याची भीतीही वाढली. मग जर्मनीचे माक्स नित्से यांनी विचार केला की, बाहेरून आत उजेड टाकण्यापेक्षा दिवाच आत नेला तर? १८७९ साली व्हिएन्नाचे कारागीर योझेफ लायटर यांच्या साह्याने त्यांनी जी दुर्बीण सिद्ध केली तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार विजेने पांढरीशुभ्र तापत असे, आणि रुग्ण भाजू नये म्हणून तिच्याभोवती थंड पाणी खेळविलेले असे. त्याच वर्षी एडिसनचा विजेचा दिवा आला, आणि थोड्याच वर्षांत त्याची चिमुकली प्रत दुर्बिणीच्या टोकावर बसली.

या कथेत एका भारतीयाचेही नाव आहे, आणि ते आपल्या मुलांना माहीत असावे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनला हॅरल्ड हॉपकिन्स या प्रकाशशास्त्रज्ञांकडे शिकत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी बांधली तर तिच्यातून चित्र वाकड्या वाटेनेही नेता येते, हे या दोघांनी १९५४ साली दाखवून दिले. लवचिक दुर्बिणीचा पाया तो हाच. पुढे हॉपकिन्स यांनी दुर्बिणीच्या लांब नळीतील लहान लहान भिंगांच्या जागी काचेच्या लांब कांड्या बसविल्या, आणि चित्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसू लागले. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीच्या कार्ल श्टोर्त्स यांनी ते उपकरण बाजारात आणले. दिवा बाहेर आणि प्रकाश तेवढा काचतंतूंतून आत. त्यामुळे भाजण्याचे भय संपले. मेणबत्तीपासून येथवर यावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली. आज नागपूरच्या एखाद्या रुग्णालयात काही मिनिटांत होणारी जी तपासणी आपण ‘दुर्बीण घातली’ या दोन शब्दांत संपवितो, तिच्यामागे एवढा इतिहास उभा आहे.

परंतु बाईंच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळाले नाही. दुर्बीण तर त्यांनाही घातली होती! अडचण अशी की दुर्बीण कितीही उत्तम असली तरी ती पृष्ठभाग पाहते. संत्र्याच्या बागाइतदारास हे समजावून सांगावयास नको. झाडाची पाने पिवळी पडतात, फळ गळू लागते. खोडाभोवती फिरून पाहावे तर साल स्वच्छ, डिंक्याचा मागमूस नाही. तेव्हा जाणता शेतकरी झाडाला दोष देत नाही. तो कुदळ घेतो, बुडाशी माती उकरतो, आणि कुजलेले मूळ त्याच्या हाती येते. रोग होता तो मातीखाली होता. परंतु मनुष्याच्या नाजूक अस्तराखाली कुदळ कशी चालवावी? त्यासाठी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, तर चार सेंटिमीटरांच्या नळीत जखम करणे म्हणजे आगीत आणखी तेल.

येथे प्रकाशाची दुसरी विद्या कामास येते. १९९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतील डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांचे सहकारी यांनी ती प्रसिद्ध केली. तिला ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी किंवा थोडक्यात ओ. सी. टी. म्हणतात. नाव परके असले तरी वस्तू तशी परकी नाही. मधुमेही माणसाच्या डोळ्याचा पडदा तपासताना हनुवटी टेकवून बसवितात आणि क्षणभरात पडद्याच्या थरांचे चित्र उमटते, ते यंत्र हेच. आपल्या वाचकांपैकी पुष्कळ आजी-आजोबांनी ते पाहिले असेल.

तिचे तत्त्व असे. विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली तर प्रतिध्वनी यावयास जो वेळ लागतो त्यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज घेता येतो. सोनोग्राफी ध्वनीने हेच करते. ओ. सी. टी. प्रकाशाने करते. देहावर डोळ्यांना न दिसणारा तांबडाच्या पलीकडचा सौम्य प्रकाश टाकावयाचा, आणि निरनिराळ्या थरांवरून तो किती उशिराने परततो हे पाहावयाचे. मात्र प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतो. त्याचा उशीर कोणते घड्याळ मोजणार? म्हणून किरणाचे दोन भाग करतात. एक देहात जातो, दुसरा ठरावीक अंतरावरील आरशावर. परत येऊन दोघांची गाठ पडते तेव्हा त्यांच्या लहरी जेथे जुळतात तेथून तो थर किती खोल आहे याचा हिशेब निघतो. या रीतीने एक-दोन मिलिमीटर खोलीपर्यंतचे चित्र मिळते, आणि त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा बारकावा दिसू शकतो. पोट किंवा यकृत यांच्या दृष्टीने एक-दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे. परंतु मूत्रमार्गाचे अस्तर आणि त्याखालचा तंतूंचा थर तेवढ्यातच वसलेला आहे. कातरी नको, टाका नको, क्ष-किरणही नकोत.

रशियातील निझ्नी नोव्हगोरोद येथील डॉक्टरांनी आणि पदार्थशास्त्रज्ञांनी हेच तंत्र मूत्रमार्गाच्या जुनाट वेदनेकडे वळविले आणि २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंतूंनी प्रकाशाच्या लहरींची दिशा बदलते. या गुणाचा उपयोग करून त्यांनी अस्तराखालच्या तंतूंच्या थराचे चित्र अधिक स्पष्ट केले. बारीक सळईसारखे टोक मूत्रमार्गात सरकवून त्यांनी ज्या स्त्रियांची तपासणी केली त्यांच्या नेहमीच्या तपासण्यांत वेदनेचे कारण हाती लागले नव्हते. या चित्रांत मात्र बदल दिसले : कोणाचे अस्तर झिजून पातळ झालेले, कोणाचे जाड झालेले, तर कोणाच्या अस्तराखालचा तंतूंचा थर बदललेला.

हे वाचले तेव्हा मला प्रथम त्या बाईंची आठवण झाली. ‘कागदात काहीच नाही’ असे ज्यांना ऐकावे लागले, तशा स्त्रियांच्या कागदात प्रथमच काहीतरी उमटले होते.

तथापि येथे थांबून सावधपणे बोलले पाहिजे. ही तपासणी अद्याप संशोधनाच्या पायरीवर आहे. तपासलेले रुग्ण थोडे आहेत. नागपूरला जाऊन ‘मला ते यंत्र लावा’ असे कोणी मागू नये. चित्रात बदल दिसला तरी वेदना त्यामुळेच होते की दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कारणाने घडतात, हे ठरावयाचे आहे. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, काही माणसांची वेदना या चित्रातही उमटणार नाही. एखादा संसर्ग बरा होऊन जातो, पण मज्जातंतूंना लागलेली सवय जात नाही. घराला लागलेली आग विझली तरी धोक्याची घंटा वाजतच राहावी, तसे ते मेंदूला इशारे पाठवीत राहतात. तेथे अस्तर निर्दोष असू शकते, आणि वेदना तरीही खरीच असते.

म्हणूनच मला वाटते, बाईंच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न लपलेला होता. त्यांना यंत्र हवे होते ते उपचारासाठी, पण त्याहून अधिक साक्षीसाठी. सुनेने हसू नये, नवऱ्याने गप्प राहू नये, याकरिता त्यांना चित्राचा पुरावा हवा होता. चित्र मिळाले तर उत्तमच. त्यामुळे डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळेल. परंतु माणसाचा मान जर चित्रावर अवलंबून ठेवला, तर ज्याचे चित्र स्वच्छ निघेल त्याने कोठे जावे? प्रेषित थोमाला जखम पाहिल्यावाचून विश्वास बसेना, आणि त्याला ती पाहावयास मिळाली. रुग्णाच्या बिछान्यापाशी आपण पुष्कळदा थोमासारखेच उभे असतो. मात्र तेथे पाहावयास जखमच नसते. विश्वास ठेवावयाचा तो त्याच्या शब्दावर. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्याबरोबर हेच नमूद केले की, मनुष्य आपल्याला वेदना होते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. शास्त्र आणि सद्धर्म येथे एकाच ओट्यावर येऊन बसले आहेत.

बाईंचे पुढे काय झाले? नागपूरच्या एका स्त्री-डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे अर्धा तास ऐकून घेतले, आणि शेवटी एवढेच सांगितले की, दुखणे खरे आहे; मला कारण दिसत नाही एवढाच तपासणीचा अर्थ. घटकेघटकेच्या गोळ्या बंद झाल्या. पाळी गेल्यानंतर अस्तर कोरडे व पातळ होते, त्यासाठी मलम आले. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वेदनेने सदैव आवळलेले राहतात, ते सैल सोडण्याचा व्यायाम आला. मज्जातंतूंना शांत करणारे औषध अल्प प्रमाणात आले. आठ-दहा महिन्यांत आग निम्म्यावर आली. पुरती गेली असे मी म्हणणार नाही. परंतु बाई पुन्हा बगीच्यात जातात, एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवास करतात, आणि रात्रीची चार तास सलग झोप मिळाली तर सकाळी ती बातमी घरात आनंदाने सांगतात.

आपल्या कुटुंबांना चार गोष्टी सुचवून लेख पुरा करतो. पहिली, लाजेविषयी. तमिळनाडूतील तिंडिवनम येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकाच रात्री तीन घरांतून तीन पुरुष आयडा स्कडर या तरुणीकडे आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या, आणि पुरुष डॉक्टराचा हात लागू द्यावयास एकही घर तयार नव्हते. आयडा तेव्हा डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया गेल्या. ती पुढे डॉक्टर होऊन १९०० साली परतली, आणि १९१८ साली तिने वेल्लोरला स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय उघडले. लाज जीव घेऊ शकते, हे त्या रात्रीने शिकविले. आज स्त्री-डॉक्टर मागता येतात. तपासणीच्या वेळी घरातील बाईमाणूस सोबत नेता येते. मागावे, न्यावे.

दुसरी गोष्ट शब्दांची. मराठीत वेदनेला किती नावे आहेत! आग, चुरचुर, ठणका, कळ, टोचणी, सल. डॉक्टर हिंदी बोलत असले तरी आपला नेमका शब्द सोडू नये; ‘दर्द होता है’ एवढ्यात सारे गुंडाळू नये. लघवीच्या आधी होते की नंतर, किती वेळा उठावे लागते, काय खाल्ल्याने वाढते, हे आठवडाभर वहीत लिहून न्यावे. निदानाचे निम्मे काम ती वही करील.

तिसरी गोष्ट औषधांची. लघवी तपासून जंतू वाढतात की नाही हे पाहिल्यावाचून दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून गिळू नयेत. त्या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा धीर धरावा. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निबर होतात, आणि खऱ्या संसर्गाच्या वेळी औषध चालत नाही. मात्र लघवीतून रक्त गेले, थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा वजन उतरू लागले, तर एक दिवसही दवडू नये. दुर्बिणीच्या तपासणीला भिण्याचे कारण नाही. जागा बधिर करणारे मलम लावतात. नंतर एक-दोन दिवस थोडी आग होते, पाणी भरपूर प्यावे म्हणजे ती ओसरते.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण, आणि ती मी धर्मगुरू या नात्याने सांगतो. या जागेचे दुखणे म्हटले की काही घरांत संशय डोके वर काढतो. बाहेर काही झाले असेल, म्हणून हे आले, अशी कुजबुज सुरू होते. संसर्गाची शंका असेल तर तिला तपासणी आहे, आणि ती पति-पत्नी दोघांनी मिळून करावी. पण तपासणी निर्दोष आल्यावरही जो आपल्या जोडीदाराकडे वाकड्या नजरेने पाहतो, तो लग्नाच्या दिवशी दिलेला शब्द मोडतो. सुखात आणि दुःखात साथ देण्याचे ते वचन होते. दिसणाऱ्या दुःखापुरते ते दिलेले नव्हते.

प्रकाशाचा शोध चालूच राहील. मेणबत्तीपासून तो येथवर आला, उद्या आणखी खोल जाईल, आणि आज ज्या वेदनेला नाव नाही तिला कदाचित उद्या चित्र मिळेल. तोपर्यंत घरातल्या कोणी ‘दुखते’ म्हटले तर कागद मागू नये. कोठे, केव्हापासून, एवढेच विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत जवळ बसावे.